हायस्कुलातील तरुणांची आशा आणि वाया जाणारी शक्ती

प्रतिवर्षी जून महिन्यात हायस्कुलाच्या वर्गांत नवी मुले येऊन बसतात, आणि मार्च महिन्यात दहावीची मुले शाळेचा निरोप घेतात. मधल्या पाच-सहा वर्षांच्या अवधीत त्या मुलांच्या ठिकाणी जे काही वाढावयाचे ते किती वाढले, आणि जे सुकून गेले ते का सुकले, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. गुणपत्रक मिळते, त्यावर बेरीज असते, परंतु वजाबाकी नसते. जे घडणे शक्य होते आणि घडले नाही, त्याचा रकाना कोणत्याही गुणपत्रकात आढळत नाही. तो रकाना प्रस्तुत लेखात आम्ही यथाशक्ति भरून पाहणार आहो. हा लेख केवळ हुशार विद्यार्थ्यांसाठी नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी तर तो विशेषच आहे.

१. आशा म्हणजे काय?

आशा हा शब्द आपल्या बोलण्यात फार सैलपणे येतो. 'यंदा पाऊस बरा होईल अशी आशा आहे', 'पेपर सोपा येईल अशी आशा आहे', असे आपण म्हणतो. परंतु पाऊस पाडणे किंवा पेपर काढणे आपल्या हाती नसते. अशा आशेस वाट पाहणे एवढेच नाव शोभेल. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच आशेची थट्टा करण्यासाठी रचिली असावी. विद्यार्थ्याच्या अंगी जी आशा असावयास पाहिजे ती याहून निराळ्या जातीची आहे.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९० नंतरच्या दशकात आशेचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास केला व तिची तीन अंगे सांगितली. पहिले अंग ध्येय. म्हणजे कोठे जावयाचे ते ठाऊक असणे. दुसरे अंग मार्ग. म्हणजे तेथे कसे जावे, आणि एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती, हे सुचणे. तिसरे अंग उमेद. म्हणजे ही वाट मला चालता येईल असा स्वतःविषयी भरवसा. या तिहींपैकी एक नसेल तर आशा लंगडी पडते.

एक साधे उदाहरण घेऊ. नववीतील एखादी मुलगी म्हणते, 'मला नर्स व्हायचे आहे.' हे ध्येय झाले. परंतु त्यासाठी बारावीपर्यंत शिकावे लागते, कोणत्या अभ्यासक्रमास कोणते विषय लागतात, ते शिक्षण कोणत्या गावी मिळते, तेथे राहण्याची सोय काय, खर्च किती आणि फीची सवलत कोणास मिळते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, पाचवी-सहावीच्या मुलांच्या ठिकाणी उमेदीचा तोटा मुळीच नसतो. वर्गात प्रश्न विचारिला तर निम्मे हात उत्तर ठाऊक नसतानाही वर जातात! दहावीत येईपर्यंत ते हात खाली येतात. याचे कारण ती मुले आळशी झाली असे नव्हे. ध्येय आहे पण वाट दिसत नाही, अशा स्थितीत उमेद फार दिवस टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खेड्यांतील तरुणांची पाहणी 'असर' या नावाने प्रसिद्ध होत असते. २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे ३४ हजार मुलामुलींस प्रश्न विचारण्यात आले. तुम्हांस जे काम पुढे करावयाचे आहे त्या कामातील कोणी आदर्श तुमच्यापुढे आहे काय, असाही एक प्रश्न होता. शेकडा ४० हून अधिक जणांपुढे असा कोणीच नव्हता. ज्या गावी जावयाचे त्या गावचा एकही माणूस ज्याने कधी पाहिला नाही, त्याने वाट कोणास विचारावी?

२. आजची स्थिती

निराशेचे चित्र रंगविणे हा आमचा उद्देश नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत दहावीपर्यंत पोहोचणे हीच मोठी मजल होती. आज ती सामान्य गोष्ट झाली आहे. वरील पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी शेकडा ८६ हून अधिक मुले कोणत्या ना कोणत्या शाळेत किंवा कॉलेजात नाव असलेली आढळली. आपल्या राज्यात २०२५ च्या मार्चमध्ये झालेल्या दहावीच्या परीक्षेस सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी बसले व त्यांपैकी शेकडा ९४ उत्तीर्ण झाले. हे आकडे आनंददायक आहेत यात शंका नाही.

परंतु त्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेकडा ९४ उत्तीर्ण झाले याचा अर्थ सुमारे ९१ हजार मुले अनुत्तीर्ण झाली. एखादे मोठे तालुक्याचे गाव भरेल इतकी ही मुले आहेत, आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या घरी पेढे वाटले जात नाहीत. शिवाय जी मुले शाळेत आहेत ती सर्व शिकत आहेत असेही नाही. त्याच पाहणीत असे दिसून आले की, या वयाच्या चौघांपैकी एकास आपल्या भाषेतील दुसरीच्या पुस्तकाचा उतारा न अडखळता वाचता येत नाही. आणि तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून अधिक मुलांस सुटत नाही. तसेच १४ व्या वर्षी शंभरांपैकी चारच मुले शाळेबाहेर असतात, परंतु १८ व्या वर्षी हीच संख्या शंभरांत ३२ हून अधिक होते. चार वर्षांच्या अवधीत इतकी मुले कोठे जातात? ती एका दिवसात जात नाहीत. मडक्यास बारीक चीर पडली असता पाणी जसे नकळत झिरपते, तशी ती जातात.

३. शक्ती कोठे झिरपते?

या चिरा कोठे कोठे आहेत ते आता क्रमाने पाहू.

पहिली चीर कच्च्या पायाची. ज्या मुलास चौथीत भागाकार आला नाही त्यास पाचवीत अपूर्णांक येत नाहीत, अपूर्णांक न आल्यामुळे सातवीत शेकडेवारी येत नाही, आणि नववीत बीजगणिताचा तास सुरू झाला म्हणजे तो खिडकीबाहेर पाहू लागतो. आपण म्हणतो, त्याचे लक्ष नाही. वस्तुतः त्याने लक्ष दिले तरी त्यास समजण्यासारखे तेथे काही उरलेले नसते. परक्या भाषेतील कीर्तन कोणी किती वेळ ऐकावे?

दुसरी चीर शिक्क्याची. 'ढ' हे एक अक्षर आपल्या वर्णमालेत निरुपद्रवी आहे. परंतु तेच एखाद्या मुलाच्या कपाळी मारले म्हणजे ते पुसण्यास कित्येक वर्षे लागतात. शुभवर्तमानातील तीन चाकरांचा दृष्टान्त आमच्या शाळेतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. धन्याने तिघांस द्रव्य दिले; दोघांनी ते वाढविले; तिसऱ्याने ते जमिनीत पुरून ठेविले. तिसरा आळशी होता एवढेच आपण लक्षात ठेवितो. परंतु त्याने स्वतः सांगितलेले कारण निराळे आहे. आपण भ्यालो, असे तो म्हणतो. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल याच भीतीने आपले द्रव्य पुरून ठेवीत असते. चूक झाली तर हसतील, हे त्याचे भय. हसणारे कोण, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

तिसरी चीर स्थलांतराची. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील लक्षावधी मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते व ती फेडल्यावाचून सुटका नसते. मुलांच्या शाळेचा दुसरा सत्रभर काळ, आणि दहावीच्या परीक्षेचे दिवस, नेमके याच हंगामात येतात. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकतात, काही उसाच्या फडात भावंडे सांभाळितात. ऊस तोडण्याच्या कामी नवरा-बायको मिळून एक कोयता धरिला जातो. म्हणून तरुणाचे लग्न लवकर झाले तर घरास एक कोयता अधिक मिळतो. या हिशेबात मुलीच्या इयत्तेस किंमत राहत नाही.

येथेच चौथी चीर लागते, ती बालविवाहाची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण शेकडा ४० च्या वर होते. कायदा निश्चित आहे. मुलीचे वय १८ पूर्ण झाल्यावाचून लग्न करणे हा गुन्हा आहे. परंतु आईबाप कायद्यापेक्षा काळजीस अधिक भितात. मुलगी वयात आली, शाळा लांब आहे, रस्ता सुना आहे, लोक काय म्हणतील, या विवंचनेतून ते निर्णय करितात. त्यांस केवळ दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, एस. टी. ची वेळ, वसतिगृहातील खोली आणि शेजाऱ्यांचा आधार यांनी तो पुष्कळ अंशी सुटेल.

पाचवी चीर नव्या काळाची आहे व ती गरीब-श्रीमंत सर्वांच्या घरी सारखीच आहे. २०२३ च्या उपरोक्त पाहणीत शंभरांपैकी सुमारे ८९ घरांत स्मार्टफोन होता. फोन वापरणाऱ्या तरुणांपैकी सुमारे दोनतृतीयांशांनी त्या आठवड्यात त्याचा काही तरी उपयोग अभ्यासाकडे केला होता. मात्र करमणुकीच्या व गप्पांच्या साधनांसाठी तो वापरणारे शेकडा ९० च्या घरात होते. मोबाइल हे साधन वाईट नाही. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तेथे तो ग्रंथालयाचे काम करू शकतो. परंतु रात्री अकरा वाजेपर्यंत एकामागून एक रील पाहणारे मूल सकाळी वर्गात येते ते झोपेचे कर्ज घेऊन येते. आणि त्या रीलमधील झगमगाट पाहून आपले घर, आपले गाव, आपला चेहरा त्यास उणा वाटू लागतो. उमेदीची ही गळती डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक होय.

४. हरवता हरवता वाचलेले तिघे

ज्यांची शक्ती कायमची हरवली त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. ती माणसे कोण होऊ शकली असती हे जगास कधीच कळत नाही. परंतु काही थोर पुरुष असे आहेत की, तेही हरवण्याच्या अगदी काठापर्यंत जाऊन परत आले. त्यांच्या चरित्रांतील तो एकेक प्रसंग आपण लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून त्यांस शाळेतून काढिले व शेतीच्या कामास लाविले. काही वर्षे अशीच गेली, लग्नही झाले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा शाळाबाह्य मुलगा होय, आणि त्या काळी त्याबद्दल कोणास आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. परंतु शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघांस त्या मुलाची बुद्धी दिसली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय चौदा होते. म्हणजे आपल्या नववीतील मुलाएवढे. १८४८ साली याच जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली. दोन शेजारी त्या दिवशी गोविंदरावांच्या घरी गेले नसते तर?

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट निराळी आहे. कोकणातील मुरुडचा हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी भर पावसात घाट ओलांडून शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत साताऱ्यास गेला. तेथे परीक्षकांनी त्यास पाहिले व तो वयाने फारच लहान दिसतो असे म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. आला तसा तो परत गेला. एवढा अन्याय एखाद्याची उमेद मोडण्यास पुरेसा होता. कर्व्यांनी पुन्हा परीक्षा दिली. पुढे मुंबईस येऊन रॉबर्ट मनी स्कुलात शिकले व १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. आजच्या हिशेबाने ते सात वर्षे मागे पडले होते! १९१६ साली त्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापिले आणि १९५८ साली, आपल्या वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. सात वर्षे मागे पडलेल्या माणसाने किती पुढे जावे, याचे हे उत्तर.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. परळच्या चाळीतील लहानशा बिऱ्हाडात ते अभ्यास करीत. वडील रामजी यांची मिळकत बेताची. परंतु मुलास पुस्तक हवे झाले म्हणजे ते आपल्या विवाहित मुलींकडून दागिना मागून आणून गहाण ठेवीत व पुस्तक विकत घेत. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर बागेत वाचीत बसत. तेथे शाळा सुटल्यावर येऊन वाचणारा हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. तो त्यांच्या शाळेचा नव्हता. तरी त्यांनी त्याची विचारपूस केली व पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. पुढे पैशांअभावी कॉलेज सुटण्याची वेळ आली तेव्हा केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

या तिन्ही कथांत असामान्य बुद्धी आहे हे खरे. परंतु केवळ बुद्धीने त्यांपैकी कोणीही तरला नाही. पहिल्यास शेजाऱ्यांनी हात दिला. दुसऱ्याने पडल्यावर स्वतःस पुन्हा उभे केले. तिसऱ्याच्या पाठीशी बापाचा त्याग आणि परक्या शाळेतील शिक्षकाची आस्था होती. समाज, स्वतः, घर आणि गुरू, असे हे चार हात आहेत. त्यांपैकी एक जरी वेळेवर पुढे झाला तरी पुष्कळदा काम भागते. चारही मागे राहिले तर मात्र मूल हरवते.

५. मापपट्टीचा एक धडा

वर सांगितलेल्या २०२३ च्या पाहणीत तरुणांस मापपट्टीने लांबी मोजावयास सांगितले होते. वस्तूचे टोक शून्यावर ठेविले असता शंभरांपैकी सुमारे ८५ जणांनी लांबी बरोबर सांगितली. वस्तू शून्याऐवजी मधल्या एखाद्या अंकापासून ठेविली तेव्हा मात्र केवळ ३९ जणांचे उत्तर बरोबर आले. वस्तू २ पासून ८ पर्यंत असेल तर तिची लांबी ८ नव्हे, ६ आहे, हे बाकीच्यांच्या ध्यानात आले नाही.

आमच्या मते ही चूक केवळ त्या मुलांची नाही. आपण वडील माणसे मुलांचे मोजमाप करिताना रोज हीच चूक करीत असतो. शेवटचा आकडा पाहतो. आरंभीचा पाहत नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, शिकवणी आहे, वेळेवर जेवण आहे, त्याने ८५ गुण मिळविले. ज्या मुलाने पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून, वीज गेली असता दिव्याखाली बसून अभ्यास केला, त्याने ६० मिळविले. कोण अधिक चालला? गुणपत्रक सांगणार नाही. त्यासाठी आरंभीचा अंक वजा करावा लागतो. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही स्वतःस मोजताना शेजाऱ्याच्या शेवटच्या आकड्याकडे पाहू नका. गेल्या वर्षी याच दिवशी आपण कोठे होतो ते पाहा. ही वजाबाकी प्रामाणिकपणे केली म्हणजे ज्यांस आपण मागे समजतो त्यांपैकी कित्येक बरेच पुढे असल्याचे दिसून येईल.

६. आता करावे काय?

प्रथम विद्यार्थ्यांस दोन शब्द. जे येत नाही ते कोणत्या इयत्तेपासून येत नाही याचा शोध घ्या, आणि नववीत असलात तरी चौथीच्या भागाकारापासून आरंभ करण्याची लाज बाळगू नका. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा. वर्तमानपत्र असो, गोष्टीचे पुस्तक असो. ज्या कामाची आवड वाटते ते काम करणारा एक तरी मनुष्य गाठून त्यास विचारा की तो तेथवर कसा पोहोचला. हाताचे कसब हलके समजू नका. दहावीनंतर आय. टी. आय. आहे, तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका आहे, व ती झाल्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. वाट एकच नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तर पुरवणी परीक्षा आहे, आणि दोन विषयांपर्यंत अनुत्तीर्ण असूनही अकरावीत बसण्याची सवलत आहे. ज्यांची शाळाच सुटली त्यांस १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. दार लागले असे वाटते तेथे पुष्कळदा ते नुसते लोटलेले असते.

पालकांस विनंती अशी की, माहितीअभावी मुलांच्या हक्काची मदत बुडू देऊ नये. आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२ हजार रुपये मिळतात; त्यासाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा आहे व मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असावे लागते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला आहे. मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन मुख्याध्यापकांशी किंवा वर्गशिक्षकांशी बोलावे. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांनी निघण्यापूर्वी मुलांच्या राहण्याची गोष्ट शाळेच्या कानी घालावी. हंगाम सुरू झाल्यावर सोय करणे अवघड जाते.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगावयाची आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपल्या जीविताचा अंत करून घेतला, आणि त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वांत मोठी होती. प्रत्येकाचे कारण निराळे असेल. एका निकालावर सर्व भार टाकणे बरोबर होणार नाही. परंतु निकालाच्या दिवशी घरातील पहिले वाक्य कोणते उच्चारावे, हे तरी पालकांनी आधी ठरवून ठेवावे. 'किती पडले?' याऐवजी 'जेवलास का?' असे विचारिले तर काही बिघडत नाही. मूल गप्प झाले, जेवण-झोप तुटली, मित्र सोडले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. त्याजवळ बसावे, विचारावे, एकटे सोडू नये आणि वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक मनाच्या त्रासासाठी आहे, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे पाढ्यांप्रमाणे प्रत्येक घरात पाठ असावेत.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वर्गात आज कोण गफार बेग मुन्शी होणार आहे? त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. शेजारच्या मुलाचे नाव हजेरीत तीन दिवस आले नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन 'का रे, आला नाहीस?' एवढे विचारण्यास काय लागते? ज्यास भागाकार येत नाही त्याच्याजवळ मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसण्यास काय लागते? आशा ही एकट्याने धरण्याची वस्तू आहे असे समजू नका. एकाचा हात सुटू लागला म्हणजे दुसऱ्याने धरावयाचा, याचेच नाव शाळा.

अभ्यासार्थ

१. आपल्या ध्येयाचे एक वाक्य लिहा. त्याखाली तेथे जाण्याच्या दोन वाटा लिहा. एक बंद झाल्यास दुसरी कोणती, ते स्पष्ट करा.

२. मागील जूनपासून आजपर्यंत आपणांस नव्याने काय येऊ लागले, याची यादी करा. ती घरी आईवडिलांस वाचून दाखवा.

३. आपल्या घरातील, वाडीतील किंवा गल्लीतील शिक्षण अर्धवट राहिलेल्या एका वडील माणसास त्याचे कारण आदराने विचारा. त्या वेळी कोणाचा हात पुढे झाला असता तर ते थांबले नसते?

४. पालकांसाठी : आपल्या मुलाचा किंवा मुलीचा गुणपत्रकात न दिसणारा एक गुण लिहा, आणि तो लिहिला आहे हे त्यांस सांगा.